गायलेलं प्रूफ

नगरच्या, म्हणजे सरकारी कागदावर आता अहिल्यानगरच्या, एका कॉलेजात उपयोजित कला शिकणारी एक मुलगी होती. हात चांगला, नजर त्याहून चांगली. गणपतीची पोस्टरं, लग्नपत्रिका, मैत्रिणीच्या भावाच्या दुकानाची पाटी, सगळं तिच्याकडे यायचं आणि ती हातासरशी करून द्यायची. गावातल्या एका संगीतप्रेमी मंडळानं दिवाळीला संगीत विशेषांक काढायचं ठरवलं, तेव्हा मांडणीचं काम आपसूक तिच्याकडे आलं. मानधन बेताचंच होतं, पण ‘मांडणी’ या शब्दापुढे तिचं नाव छापणार होते. हौशी अंकांचा सगळा व्यवहार याच नाण्यावर चालतो.

मजकूर मात्र भरघोस जमला होता. संगमनेरच्या अनंत फंदींवर एक लेख. तमाशातली पहिली स्त्री कलावंत म्हणून जिचं नाव घेतात, त्या पवळा हिवरगावकर हिच्यावर एक. तिसरा नगरातूनच १८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदय’बद्दल. त्याचे पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन यांची मराठी गीतं आणि पुढे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत आणलेली देशी चालींची भजनं यांचा त्यात सविस्तर समाचार होता. आणि शेवटी चार पानं स्वरलेखनाची. नेवासे तालुक्यातल्या एका भजनी मंडळाच्या बुवांनी ती वहीच्या कागदावर निळ्या शाईनं लिहून पाठवली होती.

मुखपृष्ठ पाहून सगळे खूश झाले. आतही तिनं बरीच कलाकुसर केली. फंदींच्या लेखाला तिनं इंटरनेटवरून एक झकास फोटो लावला होता, मिशीवाला, पटका बांधलेला, हातात डफ. संपादकांनी तो बघून एवढंच विचारलं, “हे कोण?”

“अनंत फंदी, सर.”

“फंदी गेले १८१९ मध्ये. फोटो काढायची कला जगाला कळली १८३९ मध्ये. मग हा भला माणूस कोण?”

तिनं फोटो हटवला आणि त्या जागी नुसत्या डफाचं चित्र काढलं. एवढ्यावर हा विषय मिटला. कुणाचा तरी चेहरा कुणाच्या तरी नावाखाली छापणं आपल्याकडे इतकं सर्रास चालतं, की तिला ती मोठी चूक वाटलीही नाही.

खरी गंमत पुढे झाली. स्वरलेखनाची पानं तिला पहिल्यापासून खुपत होती. अक्षरांखाली रेघा, कुठे खाली ठिपका, कुठे वर ठिपका, मध्येच नुसते डॅश, ओळींच्या खाली गुणिलेची खूण, शून्य आणि दोन-तीनचे आकडे. मांडणीच्या तासाला शिकवलेलं सगळं तिच्या डोक्यात होतं. पान मोकळं हवं, डोळ्याला अडथळा नको, एका पानावर चिन्हांची जत्रा नको. तिनं कोरलड्रॉमध्ये ती पानं उघडली आणि साफसूफ केली. अधोरेखनं गेली. ठिपके गेले. डॅश काढून मधली जागा जवळ ओढली. ओळी डावीकडून सुरू होत होत्या, त्या कवितेसारख्या मध्यावर आणल्या. खालचे आकडे पानक्रमांकात मिसळतील म्हणून तेही पुसले. पान खरोखर देखणं झालं. भिंतीवर लावावं असं.

प्रूफ बघायला बुवा एसटीनं आले. दिल्ली गेटजवळच्या छापखान्यात, कागदाच्या रिमांशेजारी टाकलेल्या बाकड्यावर बसले. मुलगी समोर उभी. बुवांनी चष्मा पुसून लावला आणि आपल्या बंदिशीचं पान बराच वेळ न्याहाळलं. मग मोबाइलवरचा तानपुरा सुरू केला, काळी एकचा सूर धरला आणि जे छापलं होतं तेच गायले. एक अक्षर इकडे नाही, एक तिकडे नाही.

वर शीर्षक होतं ‘राग भैरव’. भैरवात रिषभ आणि धैवत कोमल. कोमल स्वराची खूण म्हणजे अक्षराखालची आडवी रेघ. रेघा गेल्या, तसे रे आणि ध शुद्ध झाले, आणि भैरवाच्या नावाखाली सगळे शुद्ध स्वर निघू लागले. म्हणजे बिलावल. सुरुवातीचा निषाद मंद्र सप्तकातला, खाली ठिपका असलेला. ठिपका नसल्यानं बुवा थेट मध्य सप्तकातल्या निषादावर चढले, पुरं एक सप्तक वर. तिथून सा धरायला त्यांना धापकन खाली यावं लागलं, तेव्हा मशीनवर काम करणारा पोऱ्या हात पुसत दारात येऊन उभा राहिला. दुसऱ्या ओळीला बुवा मांडीवर तीनताल धरायला लागले. सोळा मात्रांच्या आवर्तनात अकरा मात्रांचेच स्वर उरले होते. गाणं संपलं, ताल संपेना. बुवा उरलेल्या पाच मात्रा नुसती टाळी देत बसले आणि समेवर आल्यावर थांबले.

तोवर काहीतरी चुकलंय हे मुलीच्या लक्षात आलं होतं, पण काय ते नीटसं कळलं नव्हतं.

“गोड आहे,” बुवा म्हणाले. “पण पोरी, हा भैरव नाही. रे-ध खालच्या रेघा कुठं गेल्या?”

“मला वाटलं, महत्त्वाचं म्हणून अधोरेखित केलंय, आजोबा. जुनाट दिसत होतं.”

“आणि या इथल्या आडव्या रेघा?”

“त्या रिकाम्या जागा होत्या. मी सलग केलं.”

“रिकाम्या नव्हत्या गं. तिथं मी सूर धरून उभा होतो.”

बुवा चिडले नाहीत, हे विशेष. त्यांनी प्रूफाच्या कडेला पेन्सिलीनं तीनतालाचे चार खंड आखले. पहिल्या मात्रेवर सम, तिची खूण गुणिलेची. पाचवीवर दोनचा आकडा, नववीवर खाली, तिची खूण शून्य, तेरावीवर तीनचा आकडा. डॅश म्हणजे आधीचा स्वर आणखी एक मात्रा लांबवायचा. बंदिश खालीपासून उचलायची, म्हणून ओळ शून्याच्या खुणेपासून सुरू होते, आणि प्रत्येक स्वर बरोबर आपल्या मात्रेच्या खाली उभा असतो. ओळ मध्यावर आणली की हा सगळा हिशोब ढासळतो. भातखंड्यांनी हे सारं ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत अशाच खुणांनी छापून ठेवलं, त्यामुळे ज्या बंदिशी फक्त घराण्यांच्या गळ्यात होत्या, त्या पुस्तक उघडणाऱ्या कुणालाही मिळू लागल्या.

मग ते म्हणाले, “आमच्या नेवाशाला ज्ञानोबांनी पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. बाबांनी एखादी मात्रा दिसायला बरी नाही म्हणून गाळली असती तर? आपल्याला कळत नाही ती खूण कचरा नसते, पोरी. काढायच्या आधी विचारावं. बाबांनी नीट लिहिलं, म्हणून ग्रंथाच्या शेवटी शके १२१२ च्या जोडीला त्यांचंही नाव आहे.”

नावाचा विषय बुवांनी मुद्दाम काढला की बोलण्याच्या ओघात आला, कुणास ठाऊक. मुलगी मात्र कानामागं लाल झाली.

त्या रात्री तिनं ती चार पानं पुसून नव्यानं मांडायला घेतली. आधी पानावर सोळा उभे रकाने पाडले, दर चार रकान्यांनंतर एक बारीक उभी रेघ. वर स्वर, त्याखाली शब्द, त्याखाली तालाच्या खुणा. मग तिला दिसलं की मांडणी करायला फारसं काही उरलेलंच नाही. तालानं ती आधीच करून ठेवली होती. कोमलाची रेघ अक्षराला चिकटू नये म्हणून तिनं टाइप अर्धा पॉइंट लहान केला आणि ओळींमधलं अंतर वाढवलं. पान आता भिंतीवर लावण्यासारखं राहिलं नव्हतं, पण बुवांच्या वहीपेक्षा वाचायला सोपं झालं होतं.

त्यात चाराची पाच पानं झाली. फर्मा आठ पानांचा, एक पान वाढवायचं तर दुसरं कुठलं तरी काढायला हवं. जाहिरातीचं पान निघत नाही, हे ज्यांनी कधी अंक काढला आहे त्यांना सांगायला नको. मुलीनं स्वतः काढलेलं ग्रामोफोनचं पानभर चित्र होतं, तिचं आवडतं. तेच तिनं काढलं.

दुसऱ्या एका लेखकाचं स्वरलेखन शेवटच्या आठवड्यात आलं. त्यातही ठिपके होते, पण अक्षरांच्या डोक्यावर. छापखान्यातले काका म्हणाले, “वरचा ठिपका म्हणजे तार सप्तक, आता माहिती झालंय की. टाक तसंच.” ती थांबली. लेखकाला फोन लावला. त्यांचं शिक्षण विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेत झालेलं. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पलुस्करांनी स्वतःची वेगळी लिपी केली होती. तिच्यात डोक्यावरचा ठिपका मंद्र सप्तकाचा, तार सप्तकाला उभी रेघ, समेला एकचा आकडा आणि खालीला अधिकचं चिन्ह. भातखंडे पद्धतीत जो ठिपका गाणाऱ्याला वर नेतो, तोच इथे खाली उतरवतो. एकाच अंकात दोन्ही पद्धती शेजारीशेजारी आल्या असत्या, तर वाचणाऱ्याचा गळा आणि डोकं दोन्ही बिघडलं असतं. तिनं दोन्ही लेखांच्या आधी खुणांचा खुलासा चौकटीत छापला. संपादकांना हे सुचलं नव्हतं.

अंक निघाला. प्रकाशनाला मुखपृष्ठाचं कौतुक झालं, स्वरलेखनाच्या पानांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि ते ठीकच होतं. बुवांच्या मंडळानं त्या पानांच्या झेरॉक्स काढून पोरांना वाटल्या, आणि पोरं त्यावरून भैरव शिकली. बिलावल नव्हे.

दिवाळी अंकात किंवा स्मरणिकेत बंदिश, अभंगाची चाल, काहीही स्वरलेखनासह छापणाऱ्या संपादकांना आणि मांडणीकारांना एक विनंती आहे. प्लेट काढायला पाठवण्याआधी प्रूफ एखाद्या गाणाऱ्याच्या हातात द्या आणि समोर बसून ऐका. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. त्याचे पैसे कुणी मागत नाही, चहा मात्र पाजावा लागतो.