हट्ट नेमका कोणाचा?

व्यासपीठावर गिटार एकाएकी घुमू लागली की आपण वाद्यास दोष देतो. वस्तुतः स्पीकरमधून आलेला आपलाच आवाज तिची पातळ फळी हलवितो, तो कंप पिकअपवाटे पुन्हा स्पीकरात जातो आणि फेरा वाढतच राहतो. बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास, पेटीतील हवेच्या नादावर, ही घूम धरते. सगळाच आवाज दाबला तर गाणे मरते. जाणता वादक स्पीकरापासून थोडा वळतो, भोकावर रबरी झाकण बसवितो किंवा तेवढाच एक नाद उतरवितो.

अडेल शिंगराचे निराळे काय? आपण लगाम ताठ ओढावा, त्याने उलट ओढावे, आणि हट्टी मात्र तेच! घोडा ओढीने शिकत नाही. त्याने मान बोटभर नमविताच ओढ सैल झाली, तर शिकतो. रागाच्या भरात घोड्यास हाताळू नये, असे ग्रीक लेखक झेनोफोनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच बजाविले होते.

तथापि सैल करणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे, आणि खरी कसोटी आम्हांस येथेच दिसते. शिवाय गिटारीस स्मरण नाही. बटण फिरविले की झाले. फटके खाल्लेले शिंगरू मात्र नुसता हात उचलला तरी मान वर फेकते.