निवेदकाचे नाव आणि आप्ताची अट

आल्व्हर लिडेल (१९०८–१९८१) हे बीबीसी रेडिओचे वृत्तनिवेदक. आईवडील स्वीडिश, शिक्षण ऑक्सफर्डचे. १९३२ मध्ये ते बीबीसीच्या बर्मिंगहॅम केंद्रात लागले आणि लवकरच लंडनला आले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीशी युद्ध सुरू झाल्याचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवरून सांगितले, तेव्हा त्यांच्या भाषणाआधी श्रोत्यांनी ऐकलेला आवाज लिडेल यांचा होता.

त्या काळी बीबीसीच्या बातम्या निनावी असत. बातमी संस्थेची, वाचणारा गौण. मीमांसा दर्शनाच्या पंडितांनी वेद प्रमाण ठरवण्यासाठी योजलेली युक्ती याच्या बरीच जवळची आहे. शब्दात दोष येतो तो बोलणाऱ्यामुळे. वेदाला कर्ताच नाही, म्हणून त्यात दोषाला वाव नाही, असे ते म्हणत. १९४० मध्ये या निनावीपणाची अडचण उघडी पडली. जर्मनांनी बीबीसीच्या नावाने खोट्या बातम्या ऐकवल्या, तर त्या ओळखायच्या कशा? मग निवेदक सुरुवातीलाच आपले नाव सांगू लागले. श्रोत्याला आता आवाज आणि नाव यांचा मेळ घालता येऊ लागला. म्हणजे बीबीसी मीमांसा सोडून न्यायदर्शनाकडे आली, असे म्हणायला हरकत नाही.

न्यायमतात शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह सांगणाऱ्याचा, असल्यामुळे. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनांच्या भाष्यात आप्ताला दोन अटी आहेत: त्याला वस्तूचे साक्षात ज्ञान हवे, आणि जसे कळले तसेच सांगण्याची इच्छा हवी. ऋषी, आर्य, म्लेंच्छ या सर्वांना हीच व्याख्या लागू. लिडेल मात्र पहिल्या अटीत बसत नाहीत. त्यांनी रणांगण पाहिले नव्हते. समोरचा मजकूर दुसऱ्यांनी लिहिलेला असे. साक्षात ज्ञान वार्ताहराकडे, पारख संपादकाकडे, आणि निवेदकाच्या हाती उरते ते ‘जसेच्या तसे’ एवढेच. त्याचे नाव बातमी खरी असल्याची हमी देत नाही. ती योग्य हातांतून आली, एवढीच ग्वाही देते. ही ग्वाही तोकडी आहे, पण तिच्याशिवाय बाकीच्यांचे ज्ञान श्रोत्याच्या उपयोगाचे नाही.

श्रोत्यांची कसोटी मात्र तिसरीच निघाली. १९४१ मध्ये यॉर्कशरचे विल्फ्रेड पिकल्स बातम्या वाचू लागले. त्यांच्या उत्तर इंग्लंडच्या बोलण्याच्या धाटणीची नक्कल शत्रूला जड जाईल, हाही एक हिशेब होता. पण त्या बोलीतली बातमी खरी वाटत नाही, अशी तक्रार अनेकांनी केली. वात्स्यायनांना म्लेंच्छही आप्त म्हणून चालत होता. या मंडळींना स्वदेशातला यॉर्कशरचा माणूसही चालेना.

लिडेल १९६९ मध्ये निवृत्त झाले. १९७९ मध्ये ‘द लिसनर’ साप्ताहिकात त्यांनी वृत्तवाचनाच्या घसरत्या दर्जावर टीकालेख लिहिला. हा निव्वळ उच्चारांचा सोवळेपणा नव्हे. चुकीच्या शब्दावर जोर पडला की खऱ्या वाक्यातूनही भलताच अर्थ निघतो, आणि ‘जसेच्या तसे’ ही अट तिथेच मोडते. पुढे बीबीसीने आपल्या प्रसारणातील इंग्रजी तपासण्याचे काम भाषातज्ज्ञांकडे सोपवले.