भूकंप, कर्म आणि करुणा



वर्षावासातील भाद्रपद पौर्णिमा जवळ आली की किल्लारीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून लातूर-उस्मानाबादकडची माणसे नुकतीच झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे मातीला मिळाली. सुमारे ८,००० माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

असे संकट आले की आपल्या देशात एक प्रश्न हमखास विचारला जातो : हे कोणाच्या पापाचे फळ? १९३४ साली बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड आहे, असे सांगितले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. बंधूंनो, हे म्हणणे वरवर आपल्या बाजूचे वाटते. पण नीट विचार करा. दंड अस्पृश्यता पाळणाऱ्यांना होता, तर त्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्य का मेला? आपल्या बाजूने बोललेले असत्यही असत्यच असते. बुद्धाच्या अनुयायाने ते स्वीकारता कामा नये.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकविला. कारणावाचून कार्य घडत नाही. जमीन हलली ती भूगर्भातील खडकांवर साठलेला ताण मोकळा झाला म्हणून. त्यात ना कोणाचा कोप, ना कोणाचे पाप. पण माणसे मेली कशाने? त्या भागातील घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-तीन फूट रुंद. वर लाकडी माळवद, आणि त्यावर दरसाल चढविलेला मातीचा थर. तो भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. कुडाच्या, हलक्या छपराच्या झोपडीतले गरीब अनेक ठिकाणी वाचले. त्यांचे मागच्या जन्मीचे पुण्य मोठे होते म्हणून नव्हे. त्यांच्या डोक्यावर ओझे कमी होते, एवढेच.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला, तो याचसाठी. गरिबाचे दुःख त्याच्याच मागच्या जन्माच्या खात्यावर टाकले की समाज आणि शासन जबाबदारीतून मोकळे होतात.

आता करुणेचा विचार करू. एक भिक्षू अतिसाराने आजारी होता. तो आपल्याच मळात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. का? तर तो इतरांच्या काही उपयोगी पडत नसे. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजविले. त्याच्या पूर्वजन्माची चौकशी त्यांनी केली नाही. जो आजाऱ्याची सेवा करतो तो माझीच सेवा करतो, असा बोध त्यांनी संघाला दिला.

किल्लारीला महाराष्ट्र धावून गेला, हे मान्य केले पाहिजे. पुण्याजवळ वाघोलीस भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्तांची १,२०० मुले शिकविण्यासाठी आणली. तिकडच्या स्त्रिया गट करून घरबांधणी-दुरुस्तीच्या कामात उतरल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा त्यांच्यातल्याच काही तेथील बायकांना धीर द्यायला गेल्या. काल ज्यांनी हात धरला होता, त्यांनी आज हात दिला. याला दान म्हणतात. उलट, फाटक्या जुन्या कपड्यांचे गाठोडे ट्रकात फेकणे म्हणजे घर झाडणे होय.

आणि न्याय? नवी घरे जमिनीच्या मापाने मिळाली. भूमिहीनाला व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपाने सर्वांना एका पातळीवर आणले होते. पुनर्वसनाने जुनी उतरंड पुन्हा रचली. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळू दिली नाही, त्याला घरही लहानच मिळाले. करुणेला समतेची जोड नसली की असे होते.

भिवंडीकरांनो, किल्लारी दूर आहे असे समजू नका. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे आपल्या धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली. ३५ हून अधिक माणसे झोपेत गेली. त्या रात्री जमीन हलली नव्हती. तेथे कोणता भूकंप होता?

म्हणून या पौर्णिमेला त्रिसरण-पंचशील झाल्यावर लगेच उठून घरी जाऊ नका. चार-चार जण मिळून आपल्या आळीतील खोल्या पाहा. कोणत्या खांबाला तडा गेला आहे? कोठे स्लॅबची सळई उघडी पडली आहे? खाली माग धडधडतो आणि वर बिऱ्हाड झोपते, असे घर कोणते? नावानिशी यादी करा. महापालिकेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. विहारात दोर, कुदळी, पहारी आणि बॅटरी ठेवा. यादी करताना मोमीनाचे घर, पद्मशालीचे घर, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराची खोली वगळू नका. ढिगाऱ्याखालून हाक येते तेव्हा ती कोणत्या जातीची आहे हे ऐकू येत नसते.

मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावा. पण जिवंतांच्या भिंतीचा तडा आधी पाहा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.