सोफा आणि बाकडे

थोडी घरगुती गोष्ट सांगतो. मुलीच्या लग्नाआधी आम्ही पुढची खोली नवी केली. जुनी फरशी काढून मार्बल बसवला, भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि गुबगुबीत सोफा आणला. पाहुणे येतील, ते काय म्हणतील, हा एकच विचार. पैसे पतपेढीतून काढले. हप्ते अजून चालू आहेत.

खरे सांगायचे तर मजा आली ती सोफा येण्याआधी. रविवारची मिस्सा झाली की दुकाने पालथी घालायची, कापडाचे नमुने घरी आणायचे, जेवताना रंगावरून वाद घालायचे! सोफा घरात आला आणि महिन्याभरात तो नुसताच सोफा झाला.

हा काही एकट्या माझाच स्वभाव नाही, हे नंतर कळले. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठातल्या मार्शा रिचिन्स यांनी २०१३ साली याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला. वस्तूंना आयुष्यात फार मोठे स्थान देणाऱ्या माणसांना खरेदीच्या आधी इतरांपेक्षा जास्त आनंद होतो. वस्तू हाती आली की तो ओसरू लागतो. अशी माणसे वस्तूकडून फार मागतात. लोक मान देतील, घरातले संबंध सुधारतील, आपण जणू दुसरेच कोणी होऊ! अशा अपेक्षा बाळगणारा माणूस कर्जाकडेही लवकर वळतो, असे त्यांनी २०११च्या अभ्यासात मांडले होते. ते वाचताना मला पतपेढीतली माझी सही आठवली.

इथे गैरसमज नको. ज्याच्या घरात पावसाचे पाणी गळते त्याने नवे पत्रे घातले तर त्याला कोणी भौतिकवादी म्हणू नये. त्या पत्र्यांखाली त्याला खरोखरच सुखाची झोप लागते. गरिबाला संतोषाचा उपदेश करणे सोपे असते, आणि तो बहुधा पंख्याखाली बसूनच केला जातो. प्रश्न आहे तो पोट भरल्यानंतरच्या भुकेचा. ती कुठून येते?

लॅन चॅप्लिन आणि डेबोरा जॉन या दोघींनी २००७ साली मुलांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मला कशाने आनंद होतो, हे मुलांनी चित्रे आणि शब्द चिकटवून दाखवायचे होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांपेक्षा बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या कागदावर वस्तू जास्त दिसल्या. या वयात मुलाचा स्वतःवरचा विश्वास डळमळतो. मग काही मुलांना कागदी ताटल्या दिल्या. त्यांच्यावर सोबत्यांनी त्या मुलाविषयी चांगले शब्द लिहिले होते: हुशार, मजेदार, असे साधेच. एवढ्याने वस्तूंची ओढ बरीच कमी झाली. आपल्या धर्मशिक्षण वर्गातली सातवी-आठवीची मुले डोळ्यांपुढे आणा. बुटांसाठी आणि मोबाईलसाठी घरात चाललेली भांडणे आठवा. ‘परवडत नाही’ हे आपण त्यांना ऐकवतो. ‘तू चांगला आहेस’ हे शेवटचे कधी म्हणालो?

मार्बल बसवताना माझेही वय तेराच असावे.

आता त्या सोफ्याविषयी थोडे अधिक. तो येण्यापूर्वी त्या जागी वडिलांच्या वेळचे सागवानी बाकडे होते. संध्याकाळी वाडीतून परतणारे शेजारी तिथे टेकायचे. पायाला माती, हातात कोयता. कोणाच्या केळीला रोग पडला, कोणाची सून बाळंत झाली, सगळे तिथे कळायचे. जपमाळेची वेळ झाली की काही जण थांबायचेही. आता ते दारातूनच बोलतात. ‘आत या’ म्हटले तर पायांकडे पाहून म्हणतात, ‘नको, घाई आहे.’ आम्ही कोणालाही बसू नका म्हटले नाही. ते काम फरशीनेच केले.

संत लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक श्रीमंत शेतकरी आहे. त्याला पीक उदंड येते आणि तो मोठी कोठारे बांधायचा बेत करतो. त्याच रात्री तो मरतो, हे आपल्याला पाठ आहे. पण तो सगळा बेत करताना तो केवळ स्वतःशीच बोलतो. बायको नाही, शेजारी नाही, शेतावर राबणारा गडी नाही. हे माझ्या ध्यानात इतक्या वर्षांत आले नव्हते.

हप्ते संपायला अजून अकरा महिने आहेत. सोफा विकून काही हाती लागणार नाही, विचारून पाहिले. बाकडे मात्र माळ्यावर शाबूत आहे. परवा पत्नी म्हणाली, ‘ओट्यावर मांडूया का?’ एक पाय डुगडुगतो आहे. सुताराला निरोप धाडला आहे.