उंबरे नसलेलं गाव

गाडी आम्ही लिंबात लावली. म्हणजे 'लाइम' नावाच्या बहुमजली पार्किंगमध्ये. शेजारी 'ऑरेंज', रस्त्यापलीकडे 'ग्रेपफ्रूट'. मध्य फ्लोरिडात एके काळी नजर पोचेल तिथवर संत्र्याच्या बागा होत्या. १९८० च्या दशकातल्या कडाक्याच्या थंडीनं त्यातल्या पुष्कळ जळाल्या, त्या जमिनींवर घरं आणि हॉटेलं उगवली, आणि फळांची नावं आता सिमेंटच्या मजल्यांना उरली आहेत. "दादा, मजला लक्षात ठेव," धाकटा भाऊ म्हणाला, "नाहीतर रात्री लिंबू शोधत फिरू."

आम्ही सात जण होतो. टॅम्पाहून भाऊ, भावजय आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा. पुण्याहून मी, बायको आणि कॉलेजात जाणारी लेक. आणि आई, जिच्यासाठी हा सगळा घाट घातला होता आणि जिला त्यातलं काहीच नको होतं. आधीचे दोन दिवस थीम पार्कांत गेले होते. माणशी शंभर डॉलरच्या वर तिकीट. त्याला रुपयांनी गुणायचं नाही असं भावजयीनं बजावलं होतं, तरी रांगेत उभा राहून मी गुणाकारच करत होतो. तिसरा दिवस विश्रांतीचा, म्हणून डिस्ने स्प्रिंग्ज. डिस्नेच्याच आवारातली ही दुकानांची आणि खाण्यापिण्याची पेठ. प्रवेश फुकट, पार्किंगही फुकट. पार्काबाहेर नुसती गाडी उभी करायचे तीसेक डॉलर घेणाऱ्या मालकानं इथं हात एवढा सैल सोडलाय, तो उगाच नाही. पार्कांकडून दुपारनंतर इकडं यायला बस मिळते. इकडून थेट पार्कात नेणारी मात्र नाही. फुकटात गाडी लावून कुणी तिकडं पळायला नको!

"तिकीट नाही, मग हे चालतं कसं?" आईनं विचारलं. तासाभरात भावजयीच्या हातातल्या पिशव्या मोजून तिला उत्तर मिळालं.

आत शिरलं की पहिल्यांदा दिसतं ते पाणी. निळंहिरवं, तळ दिसेल इतकं नितळ. या जागेला कंपनीनं एक पूर्वेतिहास लिहून दिला आहे: एकोणिसाव्या शतकात गुरं पाळणाऱ्यांना इथं झरा सापडला, झऱ्याभोवती वस्ती झाली, काठाला धक्का झाला, व्यापार आला, गाव वाढलं. त्या गोष्टीबरहुकूम एक भाग जुन्या धक्क्यासारखा बांधला आहे, एक भाग स्पॅनिश धाटणीच्या शहरमध्यासारखा. १९२० च्या दशकातलं वीजघर वाटावं असं एक उपाहारगृहसुद्धा आहे, लोखंडी, काळपट, जिथं वीज कधीच तयार झाली नाही. झराही खोटा. फ्लोरिडाच्या चुनखडकातून फुटणारे खरे झरे हजाराच्या आसपास आहेत. बारा महिने त्यांचं पाणी साधारण २२ अंश सेल्सियस असतं. त्यातला एक, वेकायवा, इथून फार लांब नाही. भूजलाचा उपसा आणि शेतीतून, सांडपाण्यातून येणारं नायट्रेट यांनी त्या खऱ्या झऱ्यांवर शेवाळ चढतंय. खोट्याचं पाणी स्वच्छ ठेवायला माणसं नेमलेली आहेत.

आई या कशालाच फसली नाही. पाण्याकडं तिनं एकदा पाहिलं आणि मग मान वर करून दुकानांच्या वरच्या खिडक्या न्याहाळत राहिली. एकाही खिडकीत धुणं वाळत नव्हतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "क्वार्टर्स कुठं आहेत?"

हा प्रश्न तिनंच विचारावा. तिचं माहेर किर्लोस्करवाडीचं. तिचे वडील कारखान्यात टर्नर होते. कंपनीनं गाव वसवायचं म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून कळलेलं नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगांनी भरलेला माळ मिळाला आणि त्यांनी आधी माणसं राहायला नेली. लोखंडी नांगर मागाहून. कारखाना, चाळी, शाळा, पुढं छापखाना, मासिक. कंपनीच्या भोंग्यावर सगळ्या गावाची घड्याळं. मालकाच्या मर्जीवर गाव चालायचं, हे खरंच. पण तिथं माणसं जन्मली, भांडली, म्हातारी झाली. आपल्याकडं गावाचं मोजमाप उंबऱ्यांत सांगतात, शंभर उंबऱ्यांचं, पाचशे उंबऱ्यांचं. दुकानांची संख्या कुणी विचारत नाही.

डिस्ने स्प्रिंग्ज ज्या नगरपालिकेत येतं तिचं नाव लेक बुएना व्हिस्टा. शहर कायद्यानं खरं आहे, महापौर आहे, नगरपरिषद आहे. २०१० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १० होती. २०२० मध्ये ती २४ झाली.

असं का, ते सांगायला साठ वर्षं मागं जावं लागेल. १९६० च्या दशकात वॉल्ट डिस्नेनं वेगवेगळ्या नावांच्या बेनामी कंपन्यांमार्फत ऑर्लँडोच्या नैऋत्येची दलदल आणि कुरणं गुपचूप विकत घेतली, सत्तावीस हजार एकरांहून अधिक. नोव्हेंबर १९६५ मध्ये हे जाहीर झालं. त्याच्या मनात दुसरं डिस्नेलँड तर होतंच, पण त्याला खरा ध्यास लागला होता तो शहराचा. एपकॉट हे नाव आज एका थीम पार्काला आहे. मूळ कल्पनेत ते वीस हजार वस्तीचं नमुनेदार शहर होतं, छताखालचा मध्यभाग, गाड्या जमिनीखाली, माणसं वर पायी. त्याच्या अटी मात्र वाचण्यासारख्या आहेत. घर कुणाच्या मालकीचं नाही, सगळे भाडेकरू. आणि निवृत्त माणूस नको. राहायचं तर काम केलं पाहिजे.

"आई, तुला ठेवून घेतलं नसतं इथं," मी म्हटलं.

"मी कुठं राहायला आलेय?"

डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट डिस्ने वारला. पुढच्या मे महिन्यात फ्लोरिडाच्या विधिमंडळानं कंपनीला रीडी क्रीक नावाचा स्वतंत्र जिल्हा करून दिला: रस्ते, गटारं, अग्निशमन, बांधकामाचे नियम सगळं जिल्ह्याच्या हाती, एवढंच काय, हवं तर अणुवीज केंद्र उभारायचीही मुभा. जिल्ह्याचं मंडळ निवडायचं ते जमिनीच्या मालकांनी, जितके एकर तितकी मतं. (२०२३ मध्ये राजकीय भांडणातून राज्यानं हे मंडळ आपल्या हातात घेतलं, नावही बदललं.) १९७१ मध्ये पार्क उघडलं. शहर राहून गेलं. तरी लेक बुएना व्हिस्टाला वसाहत करायचा विचार काही वर्षं टिकून होता आणि थोडी घरंही बांधली गेली. २२ मार्च १९७५ रोजी तळ्याकाठी 'लेक बुएना व्हिस्टा शॉपिंग व्हिलेज' सुरू झालं, ते या होऊ घातलेल्या रहिवाशांच्या बाजारहाटासाठी. रहिवासी आलेच नाहीत. बांधलेली घरं पाहुण्यांना भाड्यानं गेली. पाहुणा चार दिवसांनी जातो. रहिवाशाचं तसं नसतं. त्याला पाणी का आलं नाही हे विचारायचं असतं, आणि पुढच्या निवडणुकीत मत द्यायचं असतं. ती जी चोवीस माणसं आहेत, ती कंपनीशीच बांधलेली.

म्हणजे वाण्याचं दुकान आधी उघडलं आणि गाव मागून वगळलं. मग गिऱ्हाइकाप्रमाणे पाटी बदलत गेली: १९७७ मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्ड व्हिलेज, १९८९ मध्ये डिस्ने व्हिलेज मार्केटप्लेस, १९९७ मध्ये डाउनटाउन डिस्ने, २०१५ मध्ये डिस्ने स्प्रिंग्ज. आधी खेडं, मग शहराचा मध्य, आता पुन्हा झऱ्याकाठचं गाव. ज्या काळाला जे हरवल्यासारखं वाटलं, ते पाटीवर आलं.

हे सगळं व्हिक्टर ग्रुएनपाशी जाऊन पोचतं. व्हिएन्नाचा हा ज्यू वास्तुरचनाकार १९३८ मध्ये नाझींपासून पळून अमेरिकेत आला. अमेरिकी उपनगरात माणसं गाडीतून उतरतच नाहीत, एकमेकांना भेटत नाहीत, याचं त्याला वाईट वाटे. त्यावर त्यानं उपाय काढला: वाहनांपासून तोडलेला, छताखालचा चौक, भोवती दुकानं, आणि पुढं घरं, शाळा, दवाखाने. १९५६ मध्ये मिनेसोटात त्याचं साउथडेल उघडलं. आज जगभर ज्याला मॉल म्हणतात त्याचा तो मूळपुरुष. बांधणाऱ्यांनी चौक घेतला, दुकानं घेतली आणि बाकीचं सोडून दिलं. उतारवयात ग्रुएन व्हिएन्नाला परतला आणि आपल्या या अपत्याला त्यानं जाहीरपणे नाकारलं. शहरांवरचं त्याचं १९६४ चं पुस्तक वॉल्ट डिस्नेच्या संग्रही होतं.

इथपर्यंत आल्यावर नाक मुरडणं सोपं आहे, आणि दिवाळी अंकात ते शोभूनही दिसतं. पण त्या दुपारी आई पायांखाली न बघता चालत होती. लक्ष्मी रोडवर ती असं शेवटचं कधी चालली, मला आठवत नाही. फरशी सपाट, दर पन्नास पावलांवर बाक, झाडाची सावली, स्वच्छ आणि फुकट संडास, एकही दुचाकी अंगावर येत नाही. पुतण्या तळ्यातला लेगोचा सागरी अजगर बघायला पुढं पळाला आणि आमच्यापैकी कुणीही "अरे, थांब" म्हणून ओरडलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला आणि आठ वर्षांच्या पोराला एकाच रस्त्यावर निर्धास्त सोडता येणं ही शहराची प्राथमिक गोष्ट आहे. ती आमच्या महानगरपालिकेला जमत नाही आणि उंदराच्या कंपनीला जमते, याचा राग उंदरावर काढून काय उपयोग? रे ओल्डेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये 'तिसऱ्या जागे'ची कल्पना मांडली: एक घर, दुसरं काम, आणि तिसरी जिथं काही काम नसताना जावं. आपण तिला कट्टा म्हणतो, पार म्हणतो. गंमत अशी की ओल्डेनबर्ग शिकवत होता ते फ्लोरिडातच, पेन्साकोलाला.

पण कट्ट्यावर ओळखीचं माणूस लागतं, किंवा निदान ओळखीचा त्रास. मंडईत वासुदेव येतो, मोर्चा येतो, कुणीतरी पत्रक हातात कोंबतं, एखादा दारुडा भाषण करतो. इथं त्यातलं काही होणार नाही, आणि त्यामागं न्यायालयाचे निकाल आहेत. अलाबामातल्या चिकासॉ या कंपनीच्या गावात धार्मिक पत्रकं वाटणाऱ्या बाईला अटक झाली, तेव्हा १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गाव कंपनीचं असलं तरी रस्ता हा रस्ताच, तिथं बोलायचा हक्क हिरावता येत नाही. १९७२ मध्ये युद्धविरोधी पत्रकांचा वाद ओरेगनमधल्या एका मॉलवरून आला, आणि तेव्हा त्याच न्यायालयानं ठरवलं की मॉल काही गाव नव्हे. मालक मनाई करू शकतो. दोन्हींतला फरक काय? चिकासॉत लोक राहत होते. उंबरे होते. म्हणून रस्त्यालाही हक्क आला.

आपणही त्याच वाटेनं निघालो आहोत. मुंबईत ताडदेवला १९९९ मध्ये क्रॉसरोड्स उघडलं तेव्हा काही काळ आत जायला क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवावा लागे, नाहीतर पैसे भरावे लागत. लोअर परळला गिरणी गेली आणि तिचं नाव मॉलला राहिलं, जसं संत्र्याचं पार्किंगला. गिरणीला निदान चाळी होत्या.

चारच्या सुमाराला फ्लोरिडाचा नेहमीचा पाऊस आला, आपल्या वळवासारखा, विजांसकट. बाकांवरची सगळी माणसं दोन मिनिटांत दुकानांत गेली. आम्ही 'वर्ल्ड ऑफ डिस्ने'मध्ये घुसलो आणि आम्ही दोन दिवस जे टाळलं होतं ते पुतण्यानं मागून घेतलं. पैसे द्यायच्या रांगेत आईचं लक्ष पलीकडच्या मुलीच्या छातीवरच्या बिल्ल्याकडं गेलं. डिस्नेच्या कामगारांच्या बिल्ल्यावर नावाखाली त्यांचं गाव लिहिलेलं असतं. कामगार म्हणायचं नाही तिथं, 'कास्ट मेंबर' म्हणायचं, सगळे नाटकातले. आईनं अक्षरं लावत वाचलं: पोन्से, प्यूर्टो रिको.

"विचार तिला, राहते कुठं?" आईनं लेकीला सांगितलं. लेक ओशाळली, पण विचारलं. किसिमीला, मुलगी म्हणाली. बहिणीबरोबर. किसिमीच्या हमरस्त्यावर स्वस्त मोटेलांच्या खोल्यांतून महिनोन्‌महिने राहणारी कुटुंबं २०१७ च्या 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट' या सिनेमात मी पाहिली होती. डिस्नेच्या मूळ योजनेचंही हेच कामचलाऊ नाव होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. मुलगी बहिणीबरोबर चांगली राहतही असेल.

मग तिनं उलट विचारलं, तुम्ही कुठल्या? अमेरिकेत आल्यापासून दीड महिना आई या प्रश्नाला "इंडिया" म्हणत होती. आज तिनं बिल्ल्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "किर्लोस्करवाडी."

मुलीनं म्हणून पाहिलं. 'किर्लोस' पर्यंत आली आणि अडकली. आईनं तोडून तोडून सांगितलं, शाळेत शिकवतात तसं. मागची रांग खोळंबली होती, भाऊ घड्याळ बघत होता. तिसऱ्या खेपेला 'वाडी'तला ड सोडला तर तिला पूर्ण जमलं.

बाहेर पाऊस थांबला होता. लिंबाचा मजला कितवा, हे मात्र कुणालाच आठवेना.