न दुखणाऱ्या देहाविषयी आपले कर्तव्य

भोर आणि राजगड (पूर्वीचे वेल्हे) तालुक्यांतील डोंगराळ वाड्यांतून वैशाख सरत आला म्हणजे कौलारू घराचा धनी छपरावर चढतो. त्या वेळी घरात पाण्याचा थेंबही ठिबकत नसतो. तरी तो फुटकी कौले काढून नवी बसवितो, कारण मृगानंतर या मुलखात पाऊस कसा कोसळतो हे त्यास ठाऊक असते. या शाकारणीस कोणी भित्रेपणा म्हणत नाही. मग तोच मनुष्य स्वतःच्या देहाविषयी, "मला काही दुखत नाही, दवाखान्यात कशाला जाऊ?" असे का म्हणतो?

या उत्तराच्या मुळाशी तीन विचार आढळतात. पहिला भीतीचा: तपासले तर काहीतरी निघेल. परंतु तपासणीने रोग उत्पन्न होत नाही. असलेला तेवढा दिसतो. दुसरा विचार भक्तीचा वेष घेऊन येतो: देवाने नेमले असेल ते होईल. वाचकहो, भरवसा आणि हयगय ही बाहेरून सारखी दिसली तरी एक नव्हेत. शाकारणी करणाऱ्याचा देवावरील भरवसा उणा ठरत नाही. तिसरा विचार विशेषेकरून आमच्या आयाबहिणींचा: भातलावणी आहे, गुरे आहेत, लेकरे आहेत, माझे काय एवढे? हा स्वार्थत्याग खरा. पण त्याचे मोल शेवटी कोण देतो? रोग उशिरा कळला म्हणजे कर्ज होते ते घराला, आणि आईवाचून राहतात ती लेकरेच.

आपल्यासारख्याच मराठी खेड्यांत या गोष्टीचा पडताळा घेण्यात आला आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्यापूर्वी तेथे एका विषाणूमुळे कित्येक वर्षे हळूहळू फरक पडत जातो, आणि त्या काळात बहुधा काहीच दुखत नाही. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्यास आता धाराशिव म्हणतात, ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट करून या रोगाचा अभ्यास सुरू झाला. एका गटात त्या विषाणूची एकदाच तपासणी करून, दोष आढळला तेथे उपचार केले. दुसऱ्या एका गटास पूर्वीपासून असलेली सोयच तेवढी होती. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सुमारे आठ वर्षांत पहिल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, दुसऱ्यात, स्त्रियांची संख्या काहीशी कमी असूनही, ६४. इतक्या मोलाने मिळालेले हे ज्ञान ऐकूनही स्वस्थ बसणे निर्दोष म्हणता येईल काय?

आज ३० वर्षांवरील स्त्रीपुरुषांचा रक्तदाब, साखर व तोंड, आणि स्त्रियांचे स्तन व गर्भाशयमुख सरकारी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य तपासावे, असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताई नाव लिहून घेण्यास येतात. त्यांना दारातून परत लावू नये. तपासणीत संशय निघाला म्हणजे रोग ठरलाच असे नव्हे. मात्र पुढील तपासणी चुकवू नये. उलटपक्षी, दोष सांगून उपचाराची वाट न दाखविणाऱ्याने आपले काम अर्धेच केले असे समजावे.

आणखी एक गोष्ट घरच्या मंडळींस सांगावयाची आहे. केवळ "जा" म्हटल्याने सून दवाखान्यात पोहोचत नाही. त्या दिवशी सासूने चूल सांभाळावी, नवऱ्याने गुरे पाहावी व गाडीभाड्याची सोय करावी. छपरावर एकटा धनी चढला, तरी खालून कौले देणारे हात घरातलेच असतात.