गप्पांचा पगार

माणसं चहाला उठली की साहेबांचं लक्ष घड्याळाकडे जातं. पाच मिनिटांचा चहा वीस मिनिटं कसा चालतो, हे कोडं बहुतेक साहेबांना निवृत्त होईपर्यंत सुटत नाही. झेरॉक्स कंपनीच्या साहेबांना मात्र ते एका मानववंशशास्त्रज्ञानं सोडवून दिलं. ज्या कंपनीचं नाव आपल्याकडे कॉलेजच्या फाटकाबाहेर आणि तहसील कचेरीसमोर पाटीपाटीवर दिसतं, तीच ही.

या कंपनीचं कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथं एक संशोधन केंद्र होतं. तिथले ज्युलियन ऑर १९८०च्या दशकात यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर हिंडले. त्यांच्याबरोबर गिऱ्हाइकांकडे गेले, जेवायला बसले, त्यांची बोलणी ऐकली. एरवी मानववंशशास्त्रज्ञ दूरच्या एखाद्या पाड्यावर जाऊन राहतो. या गृहस्थांना आपल्याच कंपनीत पाडा सापडला.

कंपनीनं प्रत्येक तंत्रज्ञाला जाडजूड मॅन्युअल दिलं होतं. यंत्रानं अमुक एरर कोड दाखवला की अमुक पान उघडायचं, हे तपासायचं, ते बदलायचं आणि निघायचं. कागदावर सगळं चोख. पण यंत्र काही मॅन्युअल वाचून बिघडत नाही. कुठे खोली दमट, कुठे कागद हलका, कुठे बटणं दाबणारा हात घाईचा. कधी तर कोड एका जागेकडे बोट दाखवतो आणि दोष दुसरीकडेच दडलेला असतो. अशा वेळी हे तंत्रज्ञ दुसऱ्या जाणकाराला बोलावत. दोघं उघड्या यंत्रासमोर बसून जुने किस्से काढत. असंच एक यंत्र अमक्या ठिकाणी रुसलं होतं, तिथं काय निघालं. तमक्या ठिकाणी काय केलं आणि काय उपयोग झाला नाही. एका किस्स्यातून दुसरा निघे आणि बोलता बोलता दोष हाती लागे.

सकाळच्या नाश्त्यालाही ही मंडळी एकत्र जमत. खाणं चाले, पत्ते चालत, चकाट्या पिटल्या जात. बाहेरून पाहणाऱ्याला ही निव्वळ टाइमपास मंडळी वाटली असती. ऑर कान देऊन बसले, तेव्हा त्यांना ऐकू आली ती यंत्रांचीच चर्चा: कोणाचं काय अडलंय, कोणी कशी सोडवणूक केली. मॅन्युअल लिहिणाऱ्यांना जे आधी सुचलं नव्हतं, ते सगळं या टेबलावर होतं. ऑर यांनी त्यावर पुढे पुस्तक लिहिलं. ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे त्याचं नाव. ते १९९६ मध्ये निघालं.

आता एवढं मौल्यवान काही सापडल्यावर कोणतीही कंपनी स्वस्थ बसत नाही. ती ते पकडून कपाटात ठेवायला बघते. पालो आल्टोच्या संगणकतज्ज्ञांनाही आधी वाटलं, की यंत्राच्या रचनेवरून तर्क करून दोष ओळखणारा एक हुशार प्रोग्राम लिहावा. त्यांनी तो तंत्रज्ञांना दाखवला. तंत्रज्ञांचं म्हणणं सरळ होतं. प्रोग्रामला जे दोष ओळखता येतात ते आम्हालाही येतात. आमची रात्र खातात ते दोष वेगळेच, आणि ते तुमच्या प्रोग्रामला ठाऊक नाहीत. संशोधकांचं मोठेपण असं, की त्यांनी हे ऐकलं. प्रोग्राम बाजूला ठेवला आणि तंत्रज्ञांचे किस्सेच एकमेकांपर्यंत पोचवायची सोय केली. सुरुवात फ्रान्समध्ये झाली, १९९०च्या दशकात. नाव ठेवलं ‘युरेका’.

व्यवस्था साधी होती. एखाद्याला नवी युक्ती सापडली की त्यानं ती लिहून पाठवायची. त्याच कामातले मुरलेले तंत्रज्ञ ती तपासणार. खरी ठरली की सगळ्यांना खुली, लिहिणाऱ्याच्या नावासकट. मग प्रश्न आला बक्षिसाचा. व्यवस्थापनाच्या डोक्यात अशा वेळी पैसा येतो. प्रत्येक सूचनेमागे अमुक रक्कम. तंत्रज्ञांना ते नको होतं, आणि त्यामागचा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो. पैसा आला की मोजणी येते आणि मोजणी आली की भरताड येतं. ज्यानं खरोखर एक रात्र जागून एक युक्ती शोधली, तो मागे पडतो. जो बसल्या बसल्या दहा चिठ्ठ्या खरडतो, तो पुढे जातो. शिवाय उद्या ती युक्ती वापरून बिघडलेलं यंत्र उघडणाऱ्याला हे कोणाचं आहे, हे कळायला हवं, कारण नावावरच भरवसा बसतो. चांगल्या टिपा देणारा एक तंत्रज्ञ प्रशिक्षणाच्या वर्गात शिरला, तर त्याच्या सोबत्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, अशी हकीकत या प्रयोगाबद्दल लिहिणाऱ्यांनी नोंदवली आहे. साहेबांनी दिलेल्या प्रमाणपत्राला त्या टाळ्यांची सर कशी येणार? प्रमाणपत्र देणाऱ्याला यंत्र उघडता येत नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक असतं.

ब्राझीलमधली एक गोष्टही सांगितली जाते. तिथलं एक महागडं रंगीत यंत्र काही केल्या नीट होईना. सुमारे ४०,००० डॉलर खर्चून ते बदलायची वेळ आली होती. मग कोणीतरी ‘युरेका’त पाहिलं. कॅनडात मॉन्ट्रियलच्या एका तंत्रज्ञानं लिहून ठेवलेली टिप सापडली. दोष होता एका डॉलरपेक्षाही कमी किमतीच्या सुट्या भागात. या दोघांची कधी भेट झाली नसेल. पण त्यांच्यात कोणी मधला साहेब नव्हता, हे महत्त्वाचं.

कारण मधला साहेब आला की काय होतं, तेही याच घरानं दाखवलंय. गॅरी स्टार्कवेदर हा झेरॉक्सचाच अभियंता. १९६०च्या दशकात त्याच्या डोक्यात आलं, की लेझरच्या किरणानं संगणकातला मजकूर थेट यंत्राच्या ड्रमवर उमटवता येईल. वरिष्ठांना ते खूळ वाटलं. त्याला थांबायला सांगितलं, तर तो चोरून प्रयोग करत राहिला आणि शेवटी १९७१ मध्ये बदली घेऊन पालो आल्टोला गेला. १९७७ मध्ये कंपनीनं आपला पहिला लेझर प्रिंटर बाजारात आणला आणि त्यावर पुढे अब्जावधी डॉलर कमावले. त्याच केंद्रात १९७३ मध्ये माऊस आणि खिडक्या असलेला ‘ऑल्टो’ संगणक तयार झाला होता. मुख्य कचेरीला त्याचं काय करावं ते उमगलं नाही. १९७९ मध्ये पाहुणे म्हणून आलेल्या स्टीव्ह जॉब्जला मात्र उमगलं. घरातलं ज्ञान घराचा जिना चढू शकलं नाही आणि शेजाऱ्याकडे सहज गेलं.

मला वाटतं, कामाचं शहाणपण आडवं चालतं, बरोबरीच्या माणसाकडून बरोबरीच्या माणसाकडे. वर चढायला लागलं की त्याला धाप लागते. आपल्या कचेऱ्यांमधल्या सूचनापेट्या म्हणूनच रिकाम्या असतात. त्यांची किल्ली ज्याच्याबद्दल सूचना करायची त्याच्याकडेच असते. आणि निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेऊन पस्तीस वर्षांचा अनुभव घरी जातो, तेव्हा ‘त्यांची उणीव भासेल’ असं म्हणणाऱ्यांपैकी कोणी त्यांना शेवटच्या सहा महिन्यांत नव्या मुलाशेजारी बसवलेलं नसतं.

माणसं मात्र आपली सोय करतातच. हल्ली मोटार, लिफ्ट, एसी दुरुस्त करणाऱ्या पोरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. जळालेल्या पार्टचा फोटो टाकला की दुसऱ्या गावाहून आवाजी निरोप येतो: वरची वायर बघ. घरगुती ‘युरेका’च ते. उणीव एवढीच, की तपासणारं कोणी नाही, आणि गेल्या वर्षीचं उत्तर शोधायला गेलं तर फुलापानांच्या सुप्रभातांखाली गाडलेलं असतं. एखाद्या साहेबांच्या हे कानावर जातं. त्यांना उत्साह येतो. मलाही ग्रुपमध्ये घ्या, म्हणतात. घेतात. दुसऱ्या दिवशी साहेबांविना नवा ग्रुप तयार होतो आणि जुन्यात सुप्रभात चालू राहतं.